तीन मिनिटं झाली

एक्क्याऐंशी ते नव्वद
मी बेळगावच्या ट्रंक बोर्डावर होते.
कानाला हेडफोन, हातात पितळी टोकाच्या दोऱ्या,
समोर भोकांच्या रांगा. दिवा लागला की दोरी खुपसायची:
निपाणी, गोकाक, कोल्हापूर, हुबळी.
मध्येच म्हणायचं, तीन मिनिटं झाली. वाढवू?

नियम होता, ऐकायचं नाही.
पण लाइन लागली की नाही
ते ऐकल्याशिवाय कळणार कसं?
तेवढ्या फटीतून सगळं आत आलं.
तंबाखूचा दर सांगता सांगता गप्प झालेला अडत्या.
"सगळं बरं हाय" हे एकच वाक्य
एका बाईनं दर सोमवारी वेगळं म्हटलेलं.
मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नडात चढायचं
आणि उतरताना कुठल्या भाषेत उतरेल, नेम नसायचा.
एकदा रात्री कॅम्पातून एक जवान होता.
म्हटलं, पलीकडं कुणी उचलत नाही.
म्हणाला, "वाजू दे की बाई थोडी."
मी वाजू दिली.

मग बोर्ड गेला. बिलांच्या खिडकीत बसवलं मला.
तिथं मी हळूहळू कमी होत गेले.
भाकरी तव्यावर काळी व्हायची,
वास यायचा, पण तो शेजारच्या घरातून यावा तसा.
थोरल्या बहिणीनं धारवाडला नेलं,
नाडगौडा बाईंकडं.
त्या फार विचारायच्या नाहीत. मी थांबले की म्हणायच्या, "मत्ते?"
मग? पुढं?
पाढे मराठीत शिकलेली मी
त्यांच्यापुढं कन्नडात रडले.
माझी नव्हती ती भाषा, म्हणून हलकी गेली असेल.
पुढं सात वर्षं दर शनिवारी
कित्तूरवरून जाणाऱ्या लाल बसमध्ये
मी तो एक शब्द विचारायला शिकत होते.

आता शहापुरात, पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
खुर्च्या तीन. एक माझी, एक येणाऱ्याची,
तिसरीत कुणाचा मेलेला बाप बसतो,
कुणाचा मुकादम, कुणी स्वतःच, आठ वर्षांचा, शाळेच्या गणवेशात.
कुणाला वही देते, मधोमध रेघ मारून:
डावीकडं घडलं ते, उजवीकडं मनानं सांगितलं ते.
विडीच्या कारखान्यातून आलेल्या बाईला
आधी विचारावं लागलं, जेवलीस का?
तिसऱ्या भेटीपर्यंत तेवढंच काम होतं.
एका सुभेदाराला शब्दांचीच भीती.
त्याला म्हटलं, चप्पल काढा, पाय टेका.
गिरणी चालू होती. जमीन थरथरत होती.
"हे बाहेरचं हाय," तो म्हणाला. बराच वेळानं.
"माझ्या आतलं न्हवं."
त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही.

नावं सांगत नाही. सांगितली असती तरी खोटीच.

पुण्याच्या एका परिषदेत विचारलं कुणी,
तुमची पद्धत नेमकी कुठली?
म्हटलं, दिवा लागेल तिथली दोरी.
लोक हसले. मी विनोद केला नव्हता.
दोऱ्या मी खूप जमवल्यात, फी भरून, परीक्षा देऊन,
पण दिवा माझ्या हातात नाही,
हे सांगायचं राहून गेलं.

खानापूरकडचा एकजण चार वेळा आला.
हात कौलाच्या मातीनं भेगाळलेले,
बोलताना ते मांडीखाली लपवायचा.
चौथ्या दिवशी दारात वळून म्हणाला, "येतो की."
पाचव्या बुधवारी चारला मी बसले.
फोन केला, उचलला नाही.
दुसऱ्यांदा केला नाही. करायला हवा होता का,
अजून ठरत नाही.
लाइट गेलेली, गिरणी बंद, खोली इतकी शांत
की माझंच घड्याळ परकं वाटलं.
पन्नास मिनिटं त्याची होती.
ती मी त्याच्या खुर्चीसमोर पूर्ण केली.

पाचला दहा कमी असताना खाली कुणीतरी
जोंधळ्याचा डबा ठेवला आणि हाक मारली,
"लाइट आली काय वो?"
वरून मीच उत्तर दिलं,
अजून नाही. थांबा थोडं.